कामानंतरचं काम

चाकूर तालुक्यात, वडवळ नागनाथच्या बेटाकडं जाणाऱ्या वाटेवर, एका गावात दोन भाऊ राहत. वाटणी होऊन बरीच वर्षं लोटली होती, तरी घराची मधली भिंत एकच होती आणि गोठे पाठीला पाठ लावून होते. जमीन काळी. खरिपाला सोयाबीन आणि तूर, रब्बीला हरभरा आणि जमेल तेवढी ज्वारी. दोघांच्या दावणीला जनावरंही सारखीच होती. देवणी गायी, दोन म्हशी आणि एकेक बैलजोडी.

2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते अख्ख्या देशानं पाहिलं. खेड्यातल्या दावणीवर तेव्हा काय चाललं होतं, ते ज्याच्या त्याच्या गोठ्यालाच ठाऊक. कडब्याची पेंढी मोजून घालावी लागत होती. आणि मोजून घातलेल्या त्या पेंढीतलंही जनावर पानं तेवढी ओरबाडून खायचं आणि बुडखे पायाखाली तुडवायचं. तो तुडवलेला चारा पाहून थोरल्याचा जीव तुटायचा. पुढच्या वर्षी चार पैसे हातात आले, तेव्हा दोघं भाऊ एकाच टेम्पोनं लातूरला गेले आणि कडबा कुट्टीची दोन यंत्रं घेऊन आले. एकाच कारखान्याची, दोन एचपी मोटारीची, एकाच निळ्या रंगाची. टेम्पोच्या मागं यंत्रांना धरून बसला होता त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा सालगडी. दोघं भाऊ त्याला मामा म्हणत.

कडबा कापायचं यंत्र मराठी मुलखाला नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात कारखानदारी सुरू केली, ती कडबा कापायच्या यंत्रांपासूनच. लोखंडी नांगर त्यानंतरचा, 1903 च्या सुमाराचा. त्या नांगरानं जमिनीत विष उतरेल, अशी भीती शेतकऱ्यांना वाटायची, म्हणून सुरुवातीला तो कुणी घेईना. लोखंडानं माती काही नासली नाही. पण आपल्या हातून लोखंड कसं नासतं, हे मात्र गोठ्यागोठ्यात पाहायला मिळतं, आणि ही गोष्ट त्याचीच आहे.

वाटणीत मामा थोरल्याकडं गेला होता. माणूस वाटणीत जातो, हे लिहिताना हात अडखळतो, पण तसंच घडलं होतं. खंडेनवमीला दोन्ही यंत्रांची पूजा झाली. हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. खोबरं वाटून झाल्यावर मामानं थोरल्याच्या बायकोकडं करवंटी मागितली. तिची कड दगडावर घासून घासून त्यानं सारखी केली आणि खुंटीला अडकवून ठेवली. ती कशाला, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

थोरला कष्टाळू होता, हे आधी सांगून टाकतो. आळशी माणसाची वस्तू खराब होते, यात सांगण्यासारखं काही नाही. हा पहाटे चारला उठायचा आणि रात्री अंग टेकेपर्यंत त्याचा हात रिकामा नसायचा. कुट्टी तो स्वतः करायचा. तासाभरात दोन्ही वेळचा चारा कापून झाला की मोटार बंद, आणि गडी निघाला पुढच्या कामाला. मामा मात्र तिथंच थांबायचा. आधी यंत्राचा प्लग सॉकेटमधून काढून बंडीच्या खिशात टाकायचा. चाक पुरतं थांबलं की त्यात लाकडाचा तुकडा अडकवायचा. मग पात्यांवरचं झाकण उघडून आतल्या पत्र्याला चिकटलेला हिरवा लगदा करवंटीनं खरवडून काढायचा. कोपऱ्यातलं काढायला बांबूची कामटी. शेवटी सुक्या फडक्यानं सगळं पुसायचं आणि झाकण रात्रभर उघडंच ठेवायचं, वारं लागावं म्हणून.

थोरल्याला हे खटकायचं. एकदा तो म्हणाला, “मामा, काय करायलाव? चारा कापून झाला की. चला, हरभऱ्याला पाणी धरायचंय.”

“मालक, हे हिरवं हाय,” मामा म्हणाला. “ह्याच्यात पाणी असतंय, गोडी असतंय. रातच्याला आंबतंय. काम झालं न्हाई अजून.”

“काम झालं. हे कामानंतरचं हाय.”

त्यावर मामा काही बोलला नाही, पण त्याचा हातही थांबला नाही.

थोरल्यानं मनातल्या मनात हिशेब केला. रोजचा अर्धा तास म्हणजे महिन्याचे दोन दिवस कामाचे. वर्षाचे चोवीस. चोवीस दिवसांची मजुरी एका पत्र्याच्या झाकणापायी! शिवाय आता यंत्रच आलं, तर माणूस कशाला? गुढीपाडव्याला सालं ठरतात. त्या पाडव्याला थोरल्यानं मामाचा हिशेब चुकता केला, एक धोतरजोडी दिली आणि निरोप दिला. त्यानं पैशात फसवलं नाही, बोलण्यातही उणं केलं नाही. त्याच संध्याकाळी धाकट्यानं मामाला आपल्याकडं ठेवून घेतलं. धाकटा काही फार दूरदृष्टीचा होता असं नाही. वडिलांच्या वेळचा माणूस उंबऱ्याबाहेर जाऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं. मामानं करवंटी तेवढी बरोबर नेली.

उन्हाळाभर दोन्ही यंत्रं सारखीच चालली. सुका कडबा पत्र्याला फारसा चिकटत नाही. मृगानंतर हिरवा चारा सुरू झाला आणि तिथून दोन्ही यंत्रांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

पाती गरगरतात तेव्हा ओल्या चाऱ्याचे बारीक तुकडे झाकणाच्या आतल्या बाजूला आपटतात आणि रसामुळं तिथंच बसतात. ज्वारीच्या, मक्याच्या ताटात साखर असते, म्हणून तो रस चिकट. दुसऱ्या दिवशी तो वाळून घट्ट होतो आणि त्यावर नवा थर बसतो. थोरल्याच्या यंत्रात श्रावण लागेपर्यंत बोटभर जाडीचा थर झाला. वरून तो सुका दिसायचा, पण पत्र्याला लागलेली त्याची बाजू कायम ओली असायची. ती ओल आंबायची, आंबल्यावर त्यात आम्ल तयार व्हायचं, आणि रंगाला जिथं बारीकसा ओरखडा पडला होता तिथून ते लोखंडाला भिडायचं. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. त्यामुळं एकदा रंगाखाली गंज धरला की तो रंग उचलून फोडतो आणि पुढची जागा उघडी पडते. गोठ्यातली हवा आधीच दमट, त्यात मुताचा दर्प. लोखंडाला यापेक्षा वाईट जागा सापडणं अवघड.

थरानं जागा अडवली, तशी पाती आणि पत्रा यांमधली मोकळी फट बुजली. कापलेला चारा झटकन बाहेर पडेना, आतच फिरू लागला. मोटार कण्हू लागली, पट्टा घसरू लागला. थोरल्यानं पात्यांना धार लावून घेतली, पट्टा ताणला. रोग झाकणाखाली होता आणि इलाज बाहेर चालला होता.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला त्यानं यंत्राची पूजा आधीपेक्षा थाटात केली. माळ मोठी होती. माळेखाली, झाकणाच्या आत, कोथमिरीच्या वडीएवढा जाड काळपट लगदा होता आणि त्याला आंबूस वास येत होता. आपल्याकडं वर्षातून एकदा हत्यारांना हात जोडायची रीत फार चांगली आहे. पण मला वाटतं, पूर्वजांनी ती घालून दिली ती त्या निमित्तानं हत्यार घासूनपुसून स्वच्छ व्हावं म्हणून. आपण घासणं सोडलं आणि माळ ठेवली.

वास आला तेव्हा थोरल्याच्या बायकोनं झाकण उघडून दाखवलं. मग तो पेटून कामाला लागला, आणि लागला तो कष्टाळू माणसाच्या घाईनं. लोखंडी खुरपं घेऊन थर खरवडला. थर निघाला, त्याबरोबर उरलासुरला रंगही निघाला. मग विहिरीच्या मोटारीचा पाइप लावून यंत्र धुऊन काढलं. पाणी बेरिंगमध्ये गेलं, पत्र्याच्या दुमडीत साचलं, आणि झाकण लावून तो शेताकडं गेला. चार दिवसांत आतला पत्रा तांबडा झाला. तेव्हा कुणीतरी सल्ला दिला, ट्रॅक्टरचं जळकं ऑइल फासा. त्यानं ते जाड फासलं. दुसऱ्या दिवशी त्यावर भुसा बसून चिखल झाला आणि गायींनी गव्हाणीतली कुट्टी हुंगून तोंड फिरवलं. जनावराला कळलं ते माणसाला कळायला हवं होतं. जळक्या ऑइलात इंजिनाच्या झिजेचे धातू आणि नाना घाण असते. ज्या पत्र्यावरून वैरण जाते, त्याला ते लावणं म्हणजे जनावराच्या पोटात घालणंच आहे.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळं घर शेतात गेलं. कोपीत पांडवांची पूजा झाली, भज्जी, उंडे आणि आंबिलाची जेवणं झाली. शेजारच्या पंगतीत धाकटा आणि मामा होते. थोरल्याला मामाला विचारावंसं वाटलं, पण ज्याला आपणच निरोप दिला त्याच्यापुढं तोंड उघडेना. आणखी एक पावसाळा तसाच सुरू झाला.

पोळ्याच्या तोंडावर झाकणाच्या खालच्या पत्र्याला भोक पडलं. गंजलेला एक तुकडा सुटून पात्यात गेला, चाक अडकलं आणि मोटार बंद करेपर्यंत तिच्यातून धूर निघाला. मोटार जळली. वीस-बावीस हजारांचं यंत्र दोन वर्षांत दारात आडवं पडलं, आणि दावणीला बैल पोळ्याचे.

धाकट्यानं निरोपाची वाट पाहिली नाही. “अण्णा, तुमच्या पेंढ्या इकडं आणा,” म्हणून तोच भिंतीपलीकडून हाक मारून गेला. थोरला पेंढ्या घेऊन गेला. कुट्टी झाली. सवयीनं तो निघाला, पण मामा यंत्रापाशी बसला तसा तोही थांबला. मामानं प्लग काढून खिशात टाकला, चाकात लाकूड अडकवलं, झाकण उघडलं. आत निळा रंग होता. लातूरहून आणला त्या दिवशीचा. दोन पावसाळ्यांत एका कडेला तेवढा रुपयाएवढा डाग पडला होता, आणि तोही मामानं घासून रंगवून टाकला होता.

थोरला बराच वेळ त्या पत्र्याकडं पाहत राहिला. मग म्हणाला, “मामा, दोन्ही मशीन एकाच दिवशी आणल्या. काम माझीनं जास्त केलं म्हणावं, तर तसंबी न्हाई. मग माझीच का मेली?”

“मालक, काम केल्यानं लोखंड मरत न्हाई,” मामा म्हणाला. “काम झाल्यावर जे अंगाला चिकटून ऱ्हातंय, ते मारतंय. तुमी कामाचा हिशेब धरला. कामानंतरच्या कामाचा धरला न्हाई.”

या गोष्टीचं तात्पर्य त्या म्हाताऱ्यानं सांगितलं तेवढंच आहे. त्याला मी माझ्याकडून एकच गोष्ट जोडतो. थोरल्यानं चोवीस दिवसांची मजुरी वाचवली, ती नुसत्या झाकण पुसण्याची नव्हती. यंत्राकडं रोज एकदा डोळे लावून पाहणाऱ्या माणसाची ती मजुरी होती. मामा होता तोवर पात्याचा सैल झालेला बोल्ट, पट्ट्याची चीर, बेरिंगचा बदललेला आवाज, सगळं त्या अर्ध्या तासात लक्षात यायचं. हे काम कुणाच्या वहीत लिहिलेलं नसतं. म्हणून ते करणारा माणूस रिकामा बसलाय असं वाटतं.

थोरल्यानं मामाला परत बोलावलं. मामा म्हणाला, “पाडव्यापर्यंत धाकल्या मालकांना शब्द दिलाय.” तेव्हा धाकट्यानंच तोड काढली. मामा राहील इकडंच, पण संध्याकाळचा एक तास दोन्ही गोठ्यांचा, आणि सालाची रक्कम दोघांनी मिळून द्यायची. वाटणीत गेलेला माणूस असा परत दोघांचा झाला.

मग थोरल्याच्या यंत्राची दुरुस्ती निघाली, आणि यावेळी मामा सांगेल तशी. मोटार लातूरला गुंडाळायला पाठवली. गेलेला पत्रा वेल्डरकडून कापून नवा बसवला. बाकीच्या पत्र्याचा सैल गंज तारेच्या ब्रशनं काढला, पॉलिश पेपरनं घासला, सुक्या फडक्यानं पुसला आणि पूर्ण कोरडा होऊ दिला. ओलीवर दिलेला रंग गंजाला आतच कोंडतो, म्हणून एक दिवस नुसतं उन्हात ठेवलं. त्यावर रेड ऑक्साइडचा हात, तो वाळल्यावर रंगाचे दोन हात. रंग शिसं नसलेला पाहून आणला, कारण त्याच्यावरून जाणारी वैरण शेवटी दुधापर्यंत पोचते. खाली चार फरश्या बसवून यंत्र गोठ्याच्या ओलीपासून उचललं आणि मुताच्या नालीपासून लांब सरकवलं.

शेवटचा उपाय मामाचा स्वतःचा होता. जवसाचं तेल. आपल्या भागात जवस आणि करडई जुनी पिकं आहेत, सोयाबीननं त्यांना मागं सारलं तरी चटणीपुरतं जवस अजून घरोघर असतं. जवसाच्या तेलाचा गुण असा, की ते नुसतं सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतं आणि त्याचा पातळ पापुद्रा बनतो. म्हणून तर ते पूर्वीपासून रंगात वापरत आले. उन्हाळ्यात, हिरवा चारा सुरू व्हायच्या आधी, फडक्यानं अगदी पातळ हात द्यायचा आणि जादा तेल पुसून काढायचं. जाड लावलं तर ते चिकट राहतं आणि भुसा धरतं. मग आठवडाभर यंत्र उन्हात उघडं. तेवढे दिवस कडबा कुऱ्हाडीनं तोडून घालायचा.

यातली एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून पाळायची आहे. जवसाच्या तेलाचं फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तेल कडक होताना उष्णता निघते, आणि बोळ्यात ती कोंडली तर फडकं आपोआप पेटू शकतं. कडब्याच्या बनमीशेजारी असं फडकं पडलं तर वर्षाची वैरण जाईल. मामा ते फडकं पाण्यात बुडवून काढायचा आणि कुंपणावर एकेरी पसरून वाळवायचा. त्याला ऑक्सिजन हा शब्द माहीत नव्हता, पण फडकं पेटतं हे त्याच्या बापानं त्याला सांगितलेलं होतं.

मामाचा नातू लातुरात एका कॉलेजात माळ्याचं काम करतो. तिथं हिरवळ कापायची पेट्रोलची मशीन आहे. तिच्या पात्यावरचं टोपण म्हणजे उलटं ठेवलेलं कुट्टीचं झाकणच. तिथंही ओलं गवत तसंच थापतं, हवा अडते, कापणी तुटक होते आणि पत्रा आतून सडतो. पोरानं आज्याची रीत तिथं लावली. दंव वाळल्यावरच कापायचं. काम झालं की स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला करायची, एअर फिल्टर वरच्या अंगाला राहील अशी मशीन कलती करायची, म्हणजे तेल फिल्टरमध्ये उतरत नाही. मग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडून कोरडं पुसायचं. धुतलीच, तर नंतर दोन मिनिटं चालवून पाणी झटकायचं. करवंटी आज्यानं त्याला गावाहून दिली होती.

आता वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या गोठ्यात कुट्टीचं यंत्र असेल, शाळेत गवत कापायची मशीन असेल, तर आज काम संपल्यावर तिचं झाकण उघडून आत पाहा. पण आत हात घालण्याआधी विजेच्या यंत्राचा प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवा, पेट्रोलच्या मशीनची स्पार्क प्लगची वायर काढा. नुसतं बटण बंद करण्यावर विसंबू नका, कारण गेलेली लाइट कधीही येते. मोटार बंद झाली तरी जड चाक काही वेळ फिरत राहतं. ते थांबू द्या, त्यात लाकूड अडकवा, आणि लेकरांना त्या वेळी जवळ उभं करू नका. या यंत्रानं बोटं गमावलेली माणसं आपल्या भागात गावोगाव भेटतात. आणि हे खरवडण्या-पुसण्याचं काम तुमच्याकडं दुसरं कुणी करत असेल, गडी असो की घरातली बाई, तर येत्या पाडव्याला त्याच्या हिशेबात तो वेळ धरा.